‘पाऱ्याचंच बीपी खरं’ : त्या मेसेजमधलं काय टिकतं?

‘सरकारी दवाखान्यातलं डिजिटल मशीन खोटं बीपी दाखवतं, पाऱ्याचंच खरं. दोनदा वेगळं आलं तर मशीन बिघडलंय समजा. आणि वय अधिक शंभर, एवढं वरचं बीपी चालतंच.’ साताऱ्याकडच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज. एकेक दावा घेऊ.

पाऱ्याचंच खरं. नळी अचूक असते, पण कान आणि हात माणसाचे. हवा सेकंदाला 2 मिलिमीटर या वेगाने सोडायची. बाजाराच्या दिवशी ओपीडीत रांग लागली की ती सर्रकन सोडली जाते. मग वरचं कमी भरतं, खालचं जास्त. रजिस्टरचं कुठलंही पान उघडा. नळीवर 2-2 च्या खुणा असतात, म्हणजे पाचातला एखादाच आकडा शून्यावर संपायला हवा. 130, 140, 150 अशीच ओळ लागली असेल तर तो निव्वळ अंदाज आहे. शिवाय पारा विषारी. तो हटवण्याच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली आहे.

डिजिटल खोटं. हे मशीन नाडीमुळे पट्ट्यातल्या हवेत उठणारी थरथर टिपतं आणि त्यावरून हिशेबाने आकडे काढतं. हा हिशेब प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून चाचणीत उतरलेलं आणि दंडाला लावायचंच मॉडेल घ्यावं. पण घोळ बहुतेकदा पट्ट्यात असतो. दंडाच्या मधोमध टेप लावा: साधा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटरला, त्यापुढे 42 पर्यंत मोठा (पट्ट्यावर छापलेलं वाचा). तालमीतल्या पैलवानाला साधा पट्टा आवळला तर बीपी उगाच वाढलेलं दिसणार. स्वेटरवरून पट्टा नको. घट्ट बाही वर सरकवून दंडाला काच बसत असेल तर तीही काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत. हात 13 सेंटिमीटर खाली राहिला की आकडा सुमारे 10 ने चढतो, आणि ही चूक पाऱ्याच्या मशीनवरही तेवढीच होते.

दोनदा वेगळं आलं. येणारच. रक्तदाब ठोक्यागणिक बदलतो. पाटण-जावळीकडचा चढ चढून आलेल्याला आधी 5 मिनिटं बसवा: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. लघवी तुंबलेली नको. अर्ध्या तासात चहा, तंबाखू नको. मिश्रीबद्दल वेगळं विचारा. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की मिश्री लावणाऱ्या आजी सरळ ‘नाही’ म्हणतात. आणि पट्टा फुगत असताना ‘आजी, गुडघा कसा आहे?’ हे नको, बोलण्यानेच 10 पर्यंत वाढतं. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहा. दोन्हींत 10 पेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा मोजा. पहिल्या भेटीत दोन्ही हात तपासा, पुढे जास्त आलेला हात धरा.

वय अधिक शंभर. या हिशेबाने पासष्टीच्या माणसाचं 165 चालून जाईल. दवाखान्यात पुन्हापुन्हा 140/90 किंवा वर आलं तर तो उच्च रक्तदाबच. घरी मोजत असाल तर 135/85.

मेसेजने न सांगितलेली एक अडचण मात्र खरी आहे. नाडी अनियमित असेल तर डिजिटलचा आकडा डळमळतो. म्हणून पट्टा बांधण्याआधी मनगटावर नाडी पाहा. ठोके चुकत असतील तर तीनदा मोजा, स्टेथोस्कोप लावून पडताळा आणि ईसीजीला पाठवा.