दोन टक्के खरे, पण कुणाला विचारून?

बापू ज्या कंपनीत अकाउंट्सला आहे, तिचा नफा गेल्या वर्षी पहिल्यांदाच 5 कोटींच्या वर गेला. म्हणून यंदापासून तिला सीएसआर, म्हणजे नफ्यातला ठरावीक वाटा समाजाच्या कामावर खर्च करायचं कायद्याचं बंधन, लागू झालं. जळगावच्या एमआयडीसी फाट्यावर चहा घेताना त्याने सहज सांगितलं, "मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के, म्हणजे आठ-नऊ लाख. साहेबांनी ठरवलंपण. शेजारच्या गावात पाण्याचं आरओ मशीन."

नानाचा पारा तिथेच चढला. नाना त्याच कंपनीत मशीनवर आहे, ठेकेदारामार्फत, आणि गावही त्याचंच. "आम्हले कोनी इचारं का?" एवढंच तो आधी म्हणाला. मग बोलत सुटला. गावात आधीच एक मशीन आहे, दुसऱ्या कुणी बसवून दिलेलं. तोटीला चिंधी गुंडाळलीय, नाणं टाकायच्या फटीत गंज. एप्रिल लागला की बोअर आटते, मग मशीनला पाणी आणायचं कुठून? त्यात आरओ बरंच पाणी वाया घालवतं. मेम्ब्रेन, म्हणजे मशीनमधला पाणी गाळणारा पडदा, बदलायचा खर्च ग्रामपंचायतीचा की कंपनीचा, हे तेव्हा कुणी ठरवलंच नाही. "मी रोज त्याच गेटातून आत जातो, बापू. थांबवून विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं."

बापूने कायदा काढला. कंपनी कायदा 2013, कलम 135. धोरण मंजूर करायचं संचालक मंडळाने, आणि रक्कम 50 लाखांच्या आत असेल तर सीएसआर समितीसुद्धा लागत नाही. "कामगाराला विचारा असं कुठे लिहिलंय?"

नाही लिहिलेलं, खरंय. पण तोच कायदा म्हणतो की कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्या. आणि तो परिसर कंपनीत कुणाला ठाऊक असतो? पाळीवरच्या माणसाला. त्यातही ठेक्यावरच्याला जास्त, कारण तो बहुधा आसपासच्याच गावचा. एचआरचा सर्व्हे मात्र ईमेलवर येतो आणि नानाला कंपनीचा ईमेलच नाही.

आप्पांचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटला. निवृत्त ग्रामसेवक माणूस, ग्रामसभा बघण्यात आयुष्य गेलेलं. "विचारायला जा, पहिलं नाव सभामंडपाचं येईल, दुसरं पुढाऱ्याच्या टुर्नामेंटचं. शिवाय एकदा विचारलं की लोक धरून बसतात."

म्हणून काय विचारायचंच नाही? आधी मर्यादा सांगाव्यात. पैसे इतके आहेत. शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, पर्यावरण अशी कामं त्याच कायद्याच्या परिशिष्ट 7 मध्ये बसतात. पुरस्कार, मॅरेथॉन असले एकदाच होणारे कार्यक्रम बसत नाहीत, राजकीय पक्षाला देणगी बसत नाही, फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या सोयीचं कामही बसत नाही. मग विचारावं, आणि एकाच सभेत नको. ग्रामसभेत बायका मागे बसतात आणि पुढचे चार जण बोलतात. पॅकिंगच्या बायकांना वेगळं विचारा, ट्रकवाल्यांना वेगळं, कंपनीच्या खालच्या अंगाला केळी लावणाऱ्यांना वेगळं.

यावर आप्पाच म्हणाले, "साक्री तालुक्यातलं बारीपाडा घ्या. जंगल गावाने राखलं. नियम गावाचे, दंडही गावाचाच. म्हणून टिकलं. बाहेरून कुणी रोपं लावून गेलं असतं तर शेळ्यांनी संपवली असती."

पण माझ्या मते कंपन्या विचारत नाहीत याचं कारण निराळंच आहे. विचारलं की लोक आधी कारखान्यावरच बोलणार. नाल्याला येणारं पाणी, रात्रीचा वास, शाळेच्या वेळेला सुसाट जाणारे ट्रक, ठेकेदाराकडे अडकलेला पगार. यातलं सांडपाणी शुद्ध करणं आणि पगार वेळेवर देणं ही कंपनीची मुळातलीच जबाबदारी आहे, ती सीएसआरच्या पैशातून भागवता येत नाही. बापू लगेच म्हणाला, "म्हणूनच तर नको ना ती कटकट."

कटकट ऐकावीच लागेल. तिची नोंद वेगळ्या वहीत करा, प्रत्येक तक्रारीपुढे उत्तराची तारीख टाका, आणि ती वही प्लँट हेडसमोर ठेवा. खाली नाल्यात घाण सोडायची आणि वर गावात पाण्याचं मशीन बसवून फोटो काढायचे, याला समाजकार्य म्हणायची माझी तरी तयारी नाही.

"वेळ कुठाय? 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचाय," ही बापूची शेवटची अडचण. तीही तितकी खरी नाही. काम एकाहून जास्त वर्षांचं आखलं असेल, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवता येते, आणि सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं खर्चता येते. मार्चमध्ये घाईघाईने मशीन विकत घेण्यापेक्षा आधी बोअरचं पुनर्भरण आणि मग मशीन, असा क्रम लावता येतो. मंडळाचा अधिकारही कुठे जात नाही, सही त्यांचीच राहते. फक्त लोकांनी सुचवलेलं काम का घेतलं किंवा का नाही घेतलं, हे गेटवरच्या फळ्यावर मराठीत लिहून लावायचं.

बापू बराच वेळ हिशोब करत बसला. पाळी बदलताना कामगारांना विचारायचं, ठेक्यावरच्यांनाही धरायचं, इथपर्यंत तो आला. तक्रारींच्या वहीला मात्र साहेब कधीच हो म्हणणार नाहीत, यावर तो ठाम होता. नाना म्हणाला, "मग आम्ही पण मशीनच्या उद्घाटनाला येत नाही." त्यावरून दोघांची पुन्हा जुंपली.