गिऱ्ह्याचे डोळे नेमके केवढे?

लहानपणी सुट्टीत वेंगुर्ल्याला गेले की आजी बजावत असे, विहिरीकडे फिरकू नको, पाण्यातले भूत, गिऱ्हा, ओढील. तो दिसतो कसा, असे विचारल्यावर उत्तर मिळत नसे, आजीचे डोळे तेवढे मोठे होत. इंग्लंडमधल्या आज्यांनीही नातवंडांना पाण्यापासून लांब ठेवण्यासाठी जेनी ग्रीनटीथ नावाची हिरव्या दातांची बाई पिढ्यानपिढ्या सांभाळली. टेरी प्रॅचेट यांच्या ‘द वी फ्री मेन’ (२००३) या कादंबरीत ही जेनी नदीतून वर येते, तेव्हा नऊ वर्षांची टिफनी घरी जाऊन परीकथांचे पुस्तक उघडते, जेनीचे डोळे सूप वाढायच्या बशीएवढे असतात असे त्यात वाचून घरातली बशी मोजते, ती आठ इंच भरल्यावर धाकट्या भावाला आमिष म्हणून काठावर बसवते आणि जेनी येताच तिला तवा हाणते. माझी लेक हे पान वाचून हसत सुटली, आणि मग उठून आमची बशी मोजून आली.

२०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून जे रण माजले आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला, त्याच्या बातम्या मी इथे परदेशात बसून रोज वाचत होते. विरोध मलाही पटला होता. मात्र नऊ वर्षांच्या मुलाने मराठीत आपणहून काय वाचावे, हा प्रश्न त्या गदारोळात मला क्वचितच दिसला. आणि मुलांच्या पुस्तकाचा विषय निघालाच, तर ‘यातून संस्कार कोणता होतो?’ ही चौकशी आधी होते. भावाला आमिष करणाऱ्या टिफनीचे तिथे काही खरे नव्हते.

तिचे साथीदार तर त्याहून वाईट. सहा इंच उंचीचे, निळ्या अंगाचे हे फीगल चोऱ्या करतात, दारू पितात, एकमेकांची डोकी फोडतात. आपण मेलेलोच आहोत आणि हा स्वर्ग आहे, अशी त्यांची खात्री असल्यामुळे ते मरणाला भीत नाहीत. भितात ते फक्त वकिलांना. ते बोलतात स्कॉटिश वळणाची रांगडी भाषा, आणि मुले ती मोठ्याने वाचत वाचतच उलगडतात. माझ्या एका स्कॉटिश शेजारणीला मात्र हे खटकते, कारण दारुडा, भांडखोर स्कॉट हा इंग्रजांचा जुनाच विनोद आहे. तिचे म्हणणे मला मान्य आहे. मराठी नाटकसिनेमातही मालवणी किंवा वऱ्हाडी बोली घरगड्याच्या तोंडी घालून हशा वसूल केला गेलाच. पण ‘वस्त्रहरण’मध्ये मालवणी माणूस स्वतःच हसवतो, तेव्हा बोली कुणाच्या चेष्टेचा विषय उरत नाही.

आपल्याकडे मजेदार अद्भुत नाही, असे मुळीच नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चिंची चेटकिणीने २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर येऊन नव्या पिढीलाही खिदळायला लावले. पण ते नाटक. परदेशातल्या मुलीच्या उशाशी पुस्तक लागते.

गेल्या ऑगस्टमध्ये लेकीला आरवलीला नेले. तिथला ग्रामदेव वेतोबा रात्री गावभर फिरतो, म्हणून त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात, हे मी भक्तिभावाने सांगत होते. तिने त्या चपला बराच वेळ न्याहाळल्या आणि देवळातल्या काकांना विचारले, “मोजपट्टी आहे का?”