स्कॅनमधल्या गाठीवरून ऑपरेशनचं भविष्य ठरत नाही

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक एक मजकूर एकमेकांना सतत पाठवत असतात. त्याचा आशय असा: केमो आणि रेडिएशननंतर गाठ स्कॅनमधून नाहीशी झाली, तर ऑपरेशननंतर रुग्ण बरा झालाच म्हणून समजा. गाठ उरली असेल तर ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नका. आणि करायचंच तर अख्खं फुप्फुस काढा, म्हणजे धोका संपला. तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि तिसरं तर जिवावर बेतू शकतं.

पहिलं विधान. सीटी स्कॅनमध्ये गाठीचा आकार कळतो, तिच्यातल्या पेशी जिवंत आहेत की मेलेल्या ते कळत नाही. पेट स्कॅन पेशी किती साखर शोषतात ते दाखवतो, म्हणून तो त्याच्या थोडा पुढे जातो. पण रेडिएशनने आलेली सूजही त्यात चमकते, आणि सूक्ष्म प्रमाणात उरलेला रोग दिसतच नाही. खरा निकाल पॅथॉलॉजिस्ट देतो, काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून. तिथे एकही जिवंत कर्करोगपेशी सापडली नाही तर ती मोठीच आनंदाची गोष्ट. तरीही काहींचा आजार पुढे उलटतो, अनेकदा मेंदूत.

दुसऱ्या विधानाने माणसं विनाकारण आशा सोडतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. स्कॅनमध्ये उरलेली सावली नुसता व्रणही असू शकते. शिवाय पुढचा अंदाज मूळ गाठीपेक्षा जास्त सांगतात त्या छातीच्या मध्यभागातल्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड). तिसऱ्या टप्प्यातल्या, या ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेल्या रुग्णांवर उत्तर अमेरिकेत इंटरग्रुप ०१३९ ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. केमो-रेडिएशननंतर ऑपरेशनमध्ये ज्यांच्या ग्रंथी रोगमुक्त निघाल्या, त्यांच्यापैकी सुमारे ४१ टक्के पाच वर्षांनी हयात होते, मग मूळ गाठीत रोग उरलेला असो वा नसो. ग्रंथींमध्ये रोग उरलेल्यांतही हे प्रमाण सुमारे २४ टक्के होतं. कमी आहे, पण शून्य नाही. आजार वाढत नसेल आणि गाठ पूर्णपणे काढता येण्यासारखी असेल, तर केवळ सावली दिसते म्हणून कुणी सर्जनकडे जाणं टाळू नये.

तिसरं विधान. याच चाचणीत अख्खं फुप्फुस काढलेल्या ५४ जणांपैकी १४ जण ऑपरेशनशी संबंधित कारणांनी दगावले. फुप्फुसाचा एकच खंड काढलेल्या ९८ जणांमध्ये असा मृत्यू एकच. रेडिएशन झालेल्या ऊतींचा रक्तपुरवठा मंदावतो, श्वासनलिकेचा शिवलेला भाग नीट भरून येत नाही, आणि उरलेल्या एकट्या फुप्फुसाला सूज आली तर श्वास कशाच्या बळावर घ्यायचा? काही अनुभवी केंद्रांत हे मृत्यू बरेच कमी आहेत, हेही खरं. पण ‘जास्त काढलं म्हणजे जास्त सुरक्षित’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. ऑपरेशनआधी श्वसनक्षमतेच्या तपासण्या करतात त्या याच हिशेबासाठी.

हेही सांगायला हवं की याच चाचणीत केमो-रेडिएशननंतर ऑपरेशन झालेल्या आणि फक्त केमो-रेडिएशन मिळालेल्या दोन्ही गटांचं मध्यक आयुर्मान जवळपास सारखंच निघालं: २३.६ आणि २२.२ महिने. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. कुणाच्या आयुष्याची ती मुदत नव्हे. शिवाय या चाचणीतले रुग्ण १९९४ ते २००१ या काळातले, म्हणजे इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार) येण्याआधीचे. आजच्या रुग्णाला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.