बेसबॉल डबलडे यांनी शोधला? जुने कागद काय सांगतात

‘बेसबॉलचा जनक अब्नर डबलडे, १८३९, कूपर्सटाउन.’ सामान्यज्ञानाच्या प्रश्नांत हे आजही बरोबर उत्तर म्हणून फिरतं. डबलडे म्हणजे अमेरिकन सैन्यातले एक जनरल आणि कूपर्सटाउन हे न्यूयॉर्क राज्यातलं गाव. पण हे उत्तर चूक आहे.

‘आयोगानेच तसा निर्णय दिला होता.’
दिला होता. बेसबॉलचा उगम ठरवायला नेमलेल्या ए. जी. मिल्स यांच्या आयोगाचा अहवाल ३० डिसेंबर १९०७ चा आहे. पण त्यामागचा पुरावा म्हणजे अब्नर ग्रेव्ह्‌ज नावाच्या खाण अभियंत्याची १९०५ मधली पत्रं. ग्रेव्ह्‌ज यांचा जन्म १८३४ चा, म्हणजे घटनेच्या वेळी वय पाच. आठवण लिहिली सहासष्ट वर्षांनी. पहिल्या पत्रात नेमकं सालही नाही: हॅरिसन यांच्या १८४० च्या अध्यक्षीय प्रचाराच्या आधीचा किंवा नंतरचा वसंत, एवढंच. अहवालात मात्र १८३९ ठाम होऊन बसलं.

‘डबलडे तेव्हा कूपर्सटाउनला होते.’
१८३८ ते १८४२ ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते आणि घरचे लोक न्यूयॉर्क राज्यातल्याच ऑबर्न गावी राहत. १८९३ मध्ये ते वारले. युद्धाबद्दल त्यांनी भरपूर लिहिलं, बेसबॉल शोधल्याचा दावा मात्र कधी केला नाही. खुद्द मिल्स त्यांना ओळखत होते, हे विशेष.

‘त्याआधी हा खेळ नव्हताच.’
सप्टेंबर १७४९ च्या लंडनच्या वृत्तपत्रात इंग्लंडचे युवराज फ्रेडरिक सरे परगण्यात ‘बास-बॉल’ खेळल्याची बातमी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावाने १७९१ मध्ये नव्या प्रार्थना-सभागृहापासून ८० यार्डांच्या आत चेंडूचे खेळ खेळायला बंदी केली, खिडक्या फुटू नयेत म्हणून. त्या यादीत क्रिकेटसोबत बेसबॉलचं नाव आहे. हा नियम २००४ मध्ये बेसबॉलचे इतिहासकार जॉन थॉर्न यांनी उजेडात आणला.

‘मग जनक कार्टराइट.’
इथे जास्त लोक फसतात. अलेक्झांडर कार्टराइट हे न्यूयॉर्कच्या निकरबॉकर बेसबॉल क्लबचे एक संस्थापक. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेम या संग्रहालयातल्या त्यांच्या फलकावर ९० फूट अंतरावरचे बेस, नऊ डाव आणि नऊ खेळाडू यांचं श्रेय त्यांना दिलं आहे. निकरबॉकर क्लबचे २३ सप्टेंबर १८४५ चे नियम उघडून बघा: यांतलं काहीच तिथे नाही. सामना २१ धावांचा. अंतर दिलंय ते होम ते दुसरा बेस आणि पहिला ते तिसरा बेस, दोन्ही ४२ पावलं, म्हणजे चौकोनाचे कर्ण. पाऊल तीन फुटांचं धरलं तर कर्ण १२६ फूट आणि बाजू सुमारे ८९. अडीच फुटांचं धरलं तर १०५ आणि सुमारे ७४. नियमात पावलाची लांबी सांगितलेली नाही, त्यामुळे ‘जवळपास ९०’ हा नंतरच्यांनी लावलेला अर्थ. ९० फूट आणि नऊ डाव ठरले ते बेसबॉल क्लबांच्या १८५७ च्या अधिवेशनात, डॅनियल अ‍ॅडम्स यांच्या अध्यक्षतेखाली.

ही आकडेमोड कुणालाही करता येते ती मूळ नियम जसेच्या तसे सर्वांसमोर ठेवले गेले म्हणून. जुना उल्लेख सापडला तर फक्त ओळ कापून टाकू नका. अख्ख्या पानाची प्रतिमा, तारीख, पान, स्तंभ आणि मूळ स्पेलिंग द्या. ‘टाउन बॉल’, ‘राउंड बॉल’ ही चेंडूच्या जुन्या खेळांची नावंही शोधा, पण ते बेसबॉलच आहेत असं गृहीत धरू नका. आणि अठराव्या शतकातल्या छपाईतला लांब ‘एस’ (दिसायला ‘एफ’सारखा) संगणक अनेकदा ‘एफ’ वाचतो. ‘बेस’ शोधून काही मिळालं नाही, तर त्याच शब्दात ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालून पुन्हा शोधा.