जास्त प्रजाती म्हणजेच प्राधान्य? जरा थांबा

सागरी संरक्षणाचा विषय निघाला की हा दावा हमखास पुढे केला जातो: "पैसा कमी आहे. म्हणून जिथे सर्वांत जास्त प्रजाती, तेवढ्याच जागा राखा. बाकी समुद्र रिकामा आहे. मासे तर फिरतेच, त्यांना कुंपण घालून काय उपयोग? आणि नकाशावर ३० टक्के समुद्र संरक्षित म्हणून भरले की काम फत्ते." पैसा कमी आहे हे खरंच. पुढचं एकेक पाहू.

"जास्त प्रजाती, म्हणून प्राधान्य." जैवविविधता करारातल्या देशांनी २००८ साली महत्त्वाची सागरी क्षेत्रं ओळखण्यासाठी सात निकष मान्य केले. प्रजातींची विविधता हा त्यातला फक्त एक. दुर्मीळपणा, प्रजननासाठी किंवा पिल्लांच्या वाढीसाठी लागणारी जागा, धोक्यातल्या प्रजातींचा आधार, नाजूकपणा, उत्पादकता, माणसाचा कमी हस्तक्षेप, हेही त्यात आहेत. व्हाकिटा ही छोटी पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा सागरी सस्तन प्राणी) फक्त मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला सापडते. प्रजातींच्या यादीत तिची नोंद एक. पण तिथून गेली की ती जगातूनच गेली.

शिवाय खरी गोची बेरजेत आहे. समजा, एका जागी १०० प्रजाती आहेत. दुसरीत ९०, पण त्यातल्या ८५ पहिलीतल्याच. तिसरीत जेमतेम ३०, मात्र सगळ्या वेगळ्या. दोनच जागा राखता येणार असतील, तर आकडा बघून निवडणारा पहिल्या दोन उचलेल आणि १०५ प्रजाती राखेल. पहिली आणि तिसरी घेतली तर १३०! ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळक्षेत्राच्या संरक्षणाची २००४ मध्ये फेरआखणी झाली ती याच विचाराने. तिथे ७० जैवप्रदेश, म्हणजे आपापली वेगळी जीवसृष्टी असलेले भाग, पाडले आणि प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग मासेमारीबंद ठेवायचं ठरवलं. त्यातले ४० प्रदेश प्रवाळाचे नव्हतेच. गाळाचा तळ आणि समुद्री गवताची कुरणं यांचे फोटो काढायला कोणी जात नाही, पण निवडीत त्यांना जागा मिळाली.

"बाकी समुद्र रिकामा." कोणी पाहिलंय? प्रजातींचे नकाशे बऱ्याचदा संशोधक कुठवर पोचले एवढंच दाखवतात. हवाई आणि बाहा कॅलिफोर्निया यांच्या मधला पॅसिफिकचा एक पट्टा उपग्रहचित्रांत ओसाड दिसायचा. मग मोठ्या पांढऱ्या शार्कना लावलेल्या, त्यांचा माग दाखवणाऱ्या टॅगवरून कळलं, की किनारा सोडून ते दरवर्षी तिथेच जमतात. २०१८ च्या मोहिमेत तिथे खोल पाण्यात भरपूर जीवसृष्टी आढळली.

"मासे फिरतेच." म्हणून तर जागा अचूक हेरावी लागते. कॅरिबियनमधला नासाऊ ग्रूपर हा मासा एरवी एकटा राहतो, पण हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपास ठरलेल्या जागी हजारोंनी जमून अंडी घालतो. तिथल्याच लिटल केमन बेटाजवळची अशी एक जागा २००१ मध्ये मासेमारांना सापडली आणि दोन हंगामांत सुमारे ४,००० मासे उपसले गेले. २००३ मध्ये तिथे बंदी आली. पुढे तिथली संख्या तिपटीहून जास्त वाढली. मासा वर्षभर कुठेही फिरो, त्याचा वंश त्या थोड्या रात्रींवर आणि तेवढ्याशा पाण्यावर टिकून होता.

"३० टक्के भरले की फत्ते." याच जैवविविधता कराराच्या २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्यात २०३० पर्यंतचं हे लक्ष्य आहे खरं, पण जैवविविधतेसाठी विशेष महत्त्वाची क्षेत्रं त्यात यावीत आणि ती एकमेकांशी जोडलेली असावीत, असंही तिथेच लिहिलंय. टक्केवारीच भरायची तर जिथे कोणी मासेमारी करत नाही असं दूरचं पाणी घोषित करणं सर्वांत सोपं, आणि सरकारांना सोपं आवडतं. २०१४ मध्ये ८७ संरक्षित क्षेत्रांची तुलना झाली. मासेमारीवर पूर्ण बंदी, तिची काटेकोर अंमलबजावणी, दहा वर्षांहून जास्त काळ, १०० चौरस किलोमीटरहून मोठा आकार आणि खोल पाण्याने किंवा वाळूने वेगळेपण, या पाचांपैकी एक-दोनच गोष्टी असलेल्या जागा मासेमारी चालू असलेल्या पाण्याहून वेगळ्या निघाल्या नाहीत.