"नुसती एक सही" असं लिहिणाऱ्या वाचकाला

तुमची कमेंट तीन-चारदा वाचली. तुमचं म्हणणं, अमेरिकेत गेलेल्यांना मागच्यांची पर्वा नसते, भाच्याला न्यायला नुसती एक सही लागते आणि मी कायद्याच्या आड लपतेय. आणि शेवटी लिहिलंत की तुमची कॅलिफोर्नियातली मावशी पाच वर्षं झाली तुम्हाला "बघते" एवढंच म्हणतेय. त्या ओळीमुळे सविस्तर लिहितेय.

भाच्यासाठी ग्रीन कार्डची फाईल करताच येत नाही हो. भाचा, पुतण्या, मावसभाऊ, काका, आत्या, कुणासाठीच नाही, तशी कॅटेगरीच नाहीये. नवरा-बायको, मुलं, आईवडील आणि भावंडं, बास. म्हणून मी 2005 च्या ऑक्टोबरात भावाच्या नावाने आय-130, म्हणजे नातेवाईकाला कायमचं बोलवायचा अर्ज, भरला. त्यात भावजय आणि भाचा आपोआप येतात, पण भाचा 21 च्या आतला आणि बिनलग्नाचा असला तरच. तेव्हा तो सहा वर्षांचा होता, 21 कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

बहीण-भाऊ आहोत हे दाखवायला दोघांचे जन्मदाखले लागतात. माझ्या दाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं "स्त्री" आणि पुढे वडिलांचं नाव, कारण नोंद बारशाच्या आधीची. भावाने दुकान बंद ठेवून ग्रामपंचायतीत सात फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे नाव चढलं. त्या दाखल्यावरचा जांभळा शिक्का अर्धा माझ्या नावावरच उमटलाय. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

मग रांग. जगभरातल्या भावंडांना मिळून वर्षाला 65,000 व्हिसे, त्यात त्यांची बायकामुलंही मोजतात, वर एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा. आमचा नंबर आला 2024 च्या सुरुवातीला. भाचा तेव्हा 25 चा. अर्ज मंजूर व्हायला जितके दिवस लागले तितके वयातून वजा करतात, आमचे तीन वर्षं सात महिने लागले होते, म्हणजे हिशोबाने तो 21 वर्षं पाच महिन्यांचा. पाच महिन्यांनी हुकलं. भाऊ-भावजय इथे आले, तो पुण्यात राहिला. भावाने त्याच्यासाठी आता वेगळा अर्ज टाकलाय, त्याचीही रांग वेगळी आणि वर्षानुवर्षांची. भावजय रोज सकाळी चहा गॅसवर ठेवून त्याला व्हिडिओ कॉल लावते आणि तो जेवला का एवढंच विचारत राहते.

आणि सहीचं म्हणाल तर केली की. आय-864 वर, म्हणजे येणाऱ्यांच्या खर्चाच्या हमीपत्रावर. दोघं सिटिझन होईपर्यंत किंवा 40 क्वार्टर, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम भरेपर्यंत त्यांची आर्थिक जबाबदारी कायद्याने माझ्यावर आहे. आनंदाने केली, पण "नुसती" नका म्हणू.

पण तुमचं एक बरोबर आहे. बारावी झाल्यावर भाच्याने विचारलं होतं, "आत्या, इथे ॲडमिशन घेऊ का तिकडे येऊनच शिकू?" मी म्हटलं, थांब जरा, होईल रे. माझ्या त्या शब्दावर पोराने एक वर्ष घालवलं. कुठल्या तारखेच्या अर्जांचा नंबर आलाय ते सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघतं, मी उघडून बघितलं असतं तर तारीख किती हळू सरकतेय ते तेव्हाच दिसलं असतं. नाही म्हणायची हिंमत नव्हती माझ्यात, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मावशीला आज फोन करा आणि सरळ विचारा, आईच्या नावाने आय-130 भरलाय का, आणि भरला असेल तर अर्ज पोचल्याच्या नोटिशीवर प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, काय आहे आणि मंजूर कधी झाला. तुम्ही 23 चे आहात असं लिहिलंत. अजून भरलाच नसेल तर आईचा नंबर कधीतरी येईल, तुमचा त्या फाईलवर येणार नाही, तेव्हा हातातली नोकरी सोडू नका आणि लग्नही त्यासाठी अडवून ठेवू नका. भरलेला असेल तर तारखा मला ईमेल करा, आपण बसून हिशोब करू.