'केमिस्ट्रीची पीएचडी काय, विकत मिळते' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या मराठवाड्यातल्या एमएस्सीच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरायलाय. त्यात लिहिलंय की केमिस्ट्रीची पीएचडी म्हणजे गाईड सेट करा, पैसे देऊन दोन पेपर छापा, थिसिस लिहून घ्या आणि तीन वर्षांत नावापुढं डॉक्टर लावा, आता तर पेपरची अट पण काढलीय, आणि तसंही हे पैसेवाल्यांचं काम, प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतच नाही. मी इथंच ऑरगॅनिकमधे पीएचडी केलीय आणि आता कॉलेजवर शिकवतो, त्यामुळं हा मेसेज वाचून लेकरं काय करायलेत ते रोज दिसतं. हुशार पण गरीब घरातलं लेकरू म्हणतं सर हे आपलं काम नाही, आणि दुसरं एखादं सरळ एजंटचा नंबर शोधतं. दोघांचंही नुकसानच आहे म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"गाईड सेट करा." यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, आत्ताचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. एमएस्सीला ५५ टक्के पाहिजेत, राखीव प्रवर्गाला त्यात ५ टक्के सूट. विद्यापीठाच्या पेटमधे, म्हणजे पीएचडीच्या प्रवेश परीक्षेत, अर्धे प्रश्न रिसर्च मेथडॉलॉजीचे आणि अर्धे विषयाचे, आणि त्यातनं आलात तर पेटला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. गाईडकडच्या जागा पण मोजून असतात, प्रोफेसरकडं एका वेळी ८, असोसिएटकडं ६, असिस्टंटकडं ४. म्हणजे गाईड कितीही ओळखीचा असला तरी त्याच्याकडं जागा नसेल तर नाही. मुलाखतीत ओळखपाळख चालते हे मी नाकारत नाही, ते लोकांनी पाहिलंय. पण ओळखीनं फार तर दार उघडतं, पुढं कोर्सवर्कला किमान १२ क्रेडिट, त्यात पब्लिकेशन एथिक्स पण आलं, आणि त्यात ५५ टक्के पडल्याशिवाय थिसिस जमाच होत नाही. शिवाय दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढं उभं राहून काय काम केलं ते दाखवावं लागतं.

"पेपरची अट काढली." हे अर्धं खरंय आणि म्हणूनच जास्त पसरतं. २०१६ च्या नियमात थिसिसआधी एक रिसर्च पेपर आणि दोन कॉन्फरन्समधे सादरीकरण सक्तीचं होतं, २०२२ मधे ती सक्ती निघाली. पण विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, आणि पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या रिसर्चला) किंवा नोकरीला गेलात की पहिलं काय विचारतात तर पब्लिकेशन किती. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणारी जर्नलं आहेत, त्यांचा सुळसुळाट झालाय हे खरं, तिथं पेपर देऊ नका एवढंच सांगतो, कारण त्या पेपरकडं बघून मुलाखतीतला माणूस तुमचं बाकीचं काम पण खोटं समजतो.

"थिसिस लिहून घ्या." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. भाषा कुणीतरी लिहून देईल हो, पण केमिस्ट्रीच्या थिसिसमधे भाषा असते किती? सिंथेसिसच्या, म्हणजे नवे रेणू बनवण्याच्या, थिसिसमधे नवीन बनवलेल्या प्रत्येक कंपाऊंडचा प्रोटॉन एनएमआर, कार्बन एनएमआर, आयआर, मास (या रेणूची रचना ओळखायच्या मशीनवरच्या चाचण्या) आणि सॉलिड असेल तर मेल्टिंग पॉइंट द्यावा लागतो, स्पेक्ट्राच्या, म्हणजे त्या चाचण्यांच्या आलेखांच्या, प्रती मागं जोडाव्या लागतात. ते स्पेक्ट्रे तुमच्याच कंपाऊंडचे आहेत का हे अनुभवी परीक्षकाला बघता बघता कळतं. इंटिग्रेशनमधे, म्हणजे आलेखातल्या पीकखालचं क्षेत्रफळ बघून, प्रोटॉन मोजले जातात. सॅम्पल विरघळवायला ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्म वापरला असेल तर त्याचा ७.२६ पीपीएमला पीक दिसणार. कॉलम (कंपाऊंड शुद्ध करायची नळी) इथाइल ॲसिटेट-हेक्झेनमधे चालवून सॉलव्हंट नीट उडवलं नसेल तर इथाइल ॲसिटेटचे २.०५ ला सिंगलेट (एकेरी पीक) आणि ४.१२ ला क्वार्टेट (चार फाट्यांचा पीक) येणार, आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) प्रश्न येतो, हा २.०५ चा पीक कुणाचा? ज्यानं स्वतः कॉलम चालवलाय, टीएलसीच्या (रिॲक्शन कुठवर आली ते दाखवणाऱ्या) प्लेटी बघत रात्र काढलीय, तो झटक्यात सांगतो. ज्यानं लिहून घेतलंय त्याला तो पीक आपल्याच कंपाऊंडचा वाटतो आणि तिथंच सगळं उघडं पडतं.

व्हायव्हापर्यंत पोचणं पण सोपं नाही. गाईड सोडून किमान दोन बाहेरचे परीक्षक थिसिस वाचतात. एकानं नाकारली तर ती दुसऱ्या नव्या परीक्षकाकडं जाते, त्यानंही नाकारली तर थिसिस बाद, डिग्री नाही. प्लेजरिझमचे (मजकूर चोरीचे) २०१८ चे नियम वेगळेच, साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, ६० च्या वर गेलं की रजिस्ट्रेशनच रद्द. आणि डिग्री मिळाल्यावर थिसिस शोधगंगावर (थिसिसांच्या ऑनलाईन संग्रहावर) सगळ्या देशाला वाचायला उपलब्ध होते, म्हणजे चोरी दहा वर्षांनी पण सापडू शकते. एवढं असून खोट्या डिग्र्या निघतात का? निघतात, आणि त्यांच्याबद्दल तक्रार झालीच पाहिजे. पण त्या चार जणांवरनं सगळ्यांना चोर म्हणणं हे लॅबमधे हात भाजून घेणाऱ्या पोरापोरींचा अपमान आहे.

"तीन वर्षांत उरकतं." तीन वर्षं ही कोर्सवर्क धरून कमीत कमी मुदत आहे. जास्तीत जास्त सहा, वर दोन वर्षांची वाढ, आणि महिलांना व ४० टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असणाऱ्यांना आणखी दोन. ही वाढ उगाच ठेवली नाही. आमच्याकडं लॅबमधे काम कसं होतं ते मेसेज लिहिणाऱ्यानं बघितलेलं नाही. ईथर हे सॉलव्हंट सुमारे ३५ अंशाला उकळतं आणि एप्रिल-मेमधे बाहेर चाळीसच्या वर असतं, बाटली उघडली की अर्धं उडालं, त्यामुळं एक्स्ट्रॅक्शन पहाटे करायचं. रिफ्लक्सला (रिॲक्शन उकळत ठेवायला) वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरमधनं सतत पाणी फिरावं लागतं, आणि लातूरला २०१६ मधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्यांना आठवतं, अशा भागात नळ रात्रभर चालू ठेवायचा कसा? म्हणून बादलीत कूलरची मोटर सोडून तेच पाणी फिरवत ठेवायचं, त्यात बर्फ टाकत राहायचं, आणि रात्री लाईट गेली की मोटर पण बंद, रिॲक्शन पण गेली. एनएमआरचं मशीन जवळ नसलं की सॅम्पल चंदीगडला नाहीतर पुण्याला पाठवायचे आणि डाटा येईपर्यंत थांबायचं, मग कळतं की प्रॉडक्ट वेगळंच झालंय. पहिल्यापासून परत. यात तीन वर्षं कशी जातात ते कळत पण नाही.

वाळूजच्या कंपनीत नोकरी करणाऱ्यांनी विचारलंय म्हणून सांगतो, पार्ट टाईम चालतं, कंपनीची एनओसी (ना हरकत पत्र) लागते आणि कोर्सवर्कसाठी मोकळीक मिळेल असं त्यात लिहून द्यावं लागतं. ऑनलाईन किंवा डिस्टन्स पीएचडी मात्र चालत नाही, कुणी देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

राहिलं पैशाचं आणि नोकरीचं. नेट परीक्षेतनं जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढं एसआरएफ (वरच्या टप्प्याची फेलोशिप) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, त्या वेळेवर येत नाहीत ही पोरांची ओरड खरीय आणि सरकारनं ती ऐकायलाच पाहिजे, पण म्हणून हे फक्त पैसेवाल्यांचं काम होत नाही. आणि जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला नेट किंवा राज्याची सेट परीक्षा पुरते, पीएचडी सक्तीची नाही, हे बरोबर. असोसिएट व्हायला मात्र ती लागतेच, ते त्या मेसेजात नाही.

ज्यांना यंदा पेट द्यायचीय त्यांनी एजंटला फोन करण्याआधी शोधगंगावर जाऊन आपल्याला पाहिजे त्या गाईडकडच्या दोन-तीन थिसिस उघडा, मागचे स्पेक्ट्रे बघा, मग विभागात जाऊन त्यांच्या लॅबमधल्या पोरांना विचारा की सॅम्पल कुठं पाठवता, खर्च कोण करतं, आणि सर आठवड्यातनं किती वेळा लॅबमधे येतात.